न घेतलेलं प्यादं

"घे."

"घेते."

"मग घे की!"

अक्काचा हात पटावर अधांतरी थांबला होता. चिमटीत पांढरा हत्ती, त्याच रांगेत समोर काळ्याचं एकुलतं एक प्यादं, आणि मध्ये चिटपाखरू नाही. कालपरवा खेळायला शिकलेल्या पोरानंसुद्धा डोळे झाकून ते प्यादं घेतलं असतं. अक्कानं हत्ती प्याद्यापर्यंत नेला, क्षणभर तिथं धरला, आणि परत मागे आणून भलत्याच घरातून काळ्या राजाला शह दिला. मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

"गेला डाव," मी म्हणाले. "परत मांड."

सांगलीतला उन्हाळा होता. हळदपेठेच्या मागच्या बोळात आमच्या दोन खोल्या. दुपारी आबा पेठेत असायचे, आई पदर तोंडावर ओढून पंख्याखाली पडायची, आणि आम्ही दोघी बहिणी आतल्या खोलीचं दार लोटून पट मांडायचो. मी सतरा वर्षांची, हेमाक्का बावीसची. तरीही त्या खोलीत मास्तरीण मी होते. मी जास्त चांगली खेळायचे असं मुळीच नाही. मला आख्खा वजीर देऊनही अक्का मला रडकुंडीला आणायची. बुद्धिबळ मंडळाच्या कपाटात डावाच्या शेवटाच्या कोड्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं. पटावर चारपाच मोहरे, आणि सांगा पांढरा कसा जिंकेल. त्यातली कोडी ती भाजी निवडता निवडता सोडवायची. अडायचं फक्त एका जागी. उत्तर 'शेवटचं प्यादं घ्या' असं असलं, की अक्काचा हात लटपटायचा.

हा आजार आबांनी दिलेला होता.

आबा पेठेत तोलाईदार होते. दिवसभर हळदीची पोती काट्यावर चढवायची, वजन पुकारायचं. त्यांची बोटं कायम पिवळी. लिंबू चोळा, राख चोळा, तो रंग जायचा नाही. आमच्या पटावरचे पांढरे मोहरे पांढरे राहिलेच नव्हते, सगळे हळदीला बसल्यासारखे दिसायचे. पेठेत कामाच्या मधल्या वेळात पोत्यांच्या आडोशाला पट पडायचा तो जुन्या देशी खेळाचा, आणि त्या खेळात आबांना तोड नव्हती. पुस्तकं वाचून खेळ शिकलेली अडत्यांची मुलं येऊन हरून जायची आणि वर चहा पाजायची.

त्या देशी खेळाचा एक कायदा होता. समोरच्याचे सगळे मोहरे मारले आणि त्याचा राजा एकटा उरला, की डाव तिथंच संपायचा. त्याला म्हणायचे बुर्जी. जिंकत आलेल्याच्या पदरात मग धड जीत नाही, धड हार नाही. म्हणून खरा खेळणारा शत्रूचं शेवटचं प्यादं कधी घ्यायचा नाही. ते जिवंत ठेवून, त्याच्यादेखत राजावर मात करायचा. आबा म्हणायचे, "राजाला उघडा पाडू नये. त्याचं एक तरी माणूस त्याच्याजवळ ऱ्हाऊ द्यावं."

अक्का पाच वर्षांची असताना आबांच्या मांडीवर बसून हे शिकली. एकदा तिनं हौसेनं आबांचं शेवटचं प्यादं मारलं, तर आबांनी काही न बोलता पट गुंडाळला. ती रडून रडून झोपली तरी उघडला नाही. माझ्या वेळेपर्यंत आबांचा उत्साह ओसरला होता. मी मंडळात जाऊन खेळ शिकले तो सरळ आंतरराष्ट्रीय नियमांचा. त्यात बुर्जी वगैरे काही भानगड नाही. दिसलं प्यादं की घ्या. त्यामुळे मी खेळाडू बेताची, पण त्या एका आजारातून सुटलेली होते.

"डोकं घे म्हणतं गं," अक्का हत्ती बोटांत फिरवत म्हणायची. "हात ऐकत न्हाई."

सावकाश खेळलं तर ऐकायचा. पण घड्याळाची टिकटिक मागे लागली, की तिला विचार करायला वेळ उरायचा नाही आणि मग हात आपला जुना रस्ता धरायचा. म्हणून मी आईचं गजराचं घड्याळ पटाशेजारी ठेवायचे आणि कानाशी ओरडायचे, "घे, घे, घे!" पट्टीनं बोटांवर मारूनही पाहिलं. शेवटी एक दिवस वैतागून प्याद्याच्या जागी शेंगदाणा ठेवला. अक्कानं हत्ती सरळ नेला, शेंगदाणा उचलला आणि तोंडात टाकला.

"ह्ये घेता येतंय बघ," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी तोंडात पदर आणि ओढणी कोंबून आई जागी होईल म्हणून हसत सुटलो. तेव्हापासून तोच इनाम ठरला. शेवटचं प्यादं घेतलं की एक शेंगदाणा.

हसत होतो, पण दिवस थोडे उरले होते. मे महिन्यात महाराष्ट्राच्या महिला संघाची निवड स्पर्धा सांगलीतच भरायची होती. मंडळाचे सेक्रेटरी कुरुंदवाडकर स्वतः घरी येऊन सांगून गेले होते, की संघात येणाऱ्या मुलींना मुंबईत एक बँक नोकरीवर घेणार आहे. सकाळी बँक, संध्याकाळी सराव, आणि देशभर स्पर्धा. अक्कानं हे ऐकलं तेव्हा ती चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं कप खाली ठेवले नाहीत, तशीच उभी राहिली.

दुसरीकडे आटपाडीचं स्थळ दारात बसलं होतं. खताचं दुकान, घरची शेती, मुलगा एकुलता. आईनं मनातल्या मनात मांडवसुद्धा घातला होता. आबांनी त्या लोकांना कसंबसं थोपवून धरलं होतं. आटपाडीकरांचा तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा त्यांनी अक्काला समोर बसवलं.

"संघात आलीस तर मी आटपाडीला न्हाई म्हणून सांगतो. तुझ्या आईचं मी बगतो. पर न्हाई आलीस, तर मग मला बोलाया तोंड न्हाई."

"येतेय की आबा," अक्का म्हणाली.

आबा हसले. ते क्वचित हसायचे. पेठेत जो भेटेल त्याला सांगायचे, माझी पोरगी मुंबईला निघालीया.

एका दुपारी मला राहवलं नाही. अक्कानं लागोपाठ दोनदा प्यादं सोडलं होतं. मी म्हणाले, "आपण आबांनाच सांगू या का? त्यांनीच मोडता घातलाय, त्यांनीच काढावा. ते एकदा 'घे' म्हणाले, की तुझा हात सुटेल."

अक्का एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "खुळी हायस काय? त्यांना वाटंल त्यांनीच मला वाकडं शिकवलं. त्यांच्याजवळ दुसरं काय हाय गं द्यायला? पोती आन् काटा. ह्ये एकच हुतं, ते त्यांनी मला दिलं. त्यातबी खोट काढू मी?"

तिनं परत मोहरे मांडले. त्याच दुपारी केव्हातरी आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "ह्येंचा डबा फळीवर ऱ्हायलाता, कोण घेऊन गेलं?" आम्ही म्हटलं, आबांनी पेठेतला कोणी हमाल पाठवला असेल. अक्काचा हात त्या दिवसापासून जरा सुधारत गेला, त्यामुळे डब्याचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

मे उजाडेपर्यंत ती घड्याळ लावूनही प्यादं घ्यायला लागली. शेंगदाण्याचा डबा संपत आला. मला वाटलं, जिंकलो.

स्पर्धा एका शाळेच्या मोठ्या दालनात होती. शेवटच्या फेरीला अक्काची परिस्थिती अशी, की जिंकली तर संघात, बरोबरी झाली तरी बाहेर. समोर नागपूरची मुलगी, जाड भिंगांची, शांत. आबांनी त्या दिवशी पेठेत सुट्टी टाकली होती. इस्त्रीचा सदरा, धुतलेली टोपी, आणि हात एवढे घासलेले की बोटांची कातडी लाल झाली होती. लालवर पिवळं तसंच. दोरीपलीकडे प्रेक्षकांत मी आणि ते शेजारी शेजारी उभे होतो.

डाव लांबला. बाकीचे पट उठत गेले. अक्कानं सुंदर खेळ केला होता. आपला राजा पार एका टोकाला नेऊन तिकडची प्यादी तिनं एकेक करून टिपली, शेवटी पटावर तिचा राजा आणि हत्ती, त्या मुलीचा राजा आणि एक प्यादं. प्याद्याला वजीर व्हायला थोडीच घरं उरली होती, पण त्याचा राजा त्याला चिकटून होता आणि अक्काचा राजा लांब. खरं तर डाव बरोबरीकडे झुकला होता. दोघींच्याही घड्याळात वेळ संपत आलेला. आणि घाईघाईत त्या नागपूरच्या मुलीनं प्यादं एक घर पुढं ढकललं.

सरळ हत्तीच्या तोंडात. तिचा राजा आता त्याला राखत नव्हता. हत्ती त्याच रांगेत, मध्ये काही नाही. प्यादं घेतलं की संपलं. राजा आणि हत्ती मिळून एकट्या राजावर मात करणं अक्काला झोपेतही जमलं असतं.

हे आमचंच कोडं होतं. दुपारच्या खोलीतलं, गजराच्या घड्याळाशेजारचं. घे, मी मनात म्हणाले. माझे ओठ हलत असणार. घे, घे, अक्का.

अक्कानं हत्ती उचलला. प्याद्याकडे नेला. हात थांबला.

आणि मागे आला. तिनं मागच्या घरातून शह दिला.

काळा राजा शांतपणे एक घर पुढे आला आणि आपल्या प्याद्याला बिलगला. आता त्याला कोणी अडवू शकत नव्हतं. नागपूरच्या मुलीनं चष्म्याच्या वरून एकदा अक्काकडे पाहिलं, तिचा विश्वास बसत नव्हता. पुढच्या काही चालींत अक्काला वजीर होणाऱ्या त्या प्याद्यासाठी हत्ती द्यावा लागला. पटावर दोन राजे उरले. बरोबरी. दोघींनी हात मिळवले.

मी आबांकडे पाहिलं. ते पटाकडे बघत नव्हते. मान खाली घालून आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होते. मला वाटलं, तळवे घामेजले असतील.

आम्ही घरी आलो. आबा पुढे, मागे आम्ही दोघी. आई दारातच उभी होती, आमची तोंडं बघून आत वळली. आबांनी टोपी खुंटीला लावली, खाटेवर बसले, परत उठले, परत बसले. मग घसा खाकरून म्हणाले, "हेमा, ते प्यादं..."

त्यांचा आवाज ओळखू येईना. इतका बारीक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पुढचा शब्द त्यांच्या ओठावर आलेला दिसत होता.

"मुद्दाम सोडलं, आबा," अक्का म्हणाली.

आबांनी मान वर केली.

"काय?"

"मुद्दाम सोडलं. मला न्हाई जायचं मुंबईला. कटाळा आला मला ह्या लाकडांचा. लहानपणापासनं आपलं तेच. मला आपलं चारचौघींसारखं घर पायजे." ती एका दमात बोलली. हात पाठीमागे बांधून उभी होती, आणि मी मागे होते म्हणून मला तिची बोटं एकमेकांत रुतलेली दिसत होती. "आटपाडीला हो म्हणून सांगा."

आईनं देवाच्या फळीकडे बघून हात जोडले. आबा नुसते बघत राहिले. एवढा वेळ बघत राहिले, की मला वाटलं, आता ते म्हणतील, खोटं बोलू नकोस. पण हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला, कडक होत गेला. ते ताडकन उठले.

"मग मला कशाला उभा केलास तितं? तमाशा बगाया? आधीच सांगाया काय झालं हुतं तुला!"

त्यांनी कोनाड्यातला पट आणि मोहऱ्यांची पिशवी ओढून काढली आणि माळ्यावर भिरकावली. ती पिशवी तिथं आपटल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

मागच्या मोरीत अक्का पाय धूत होती. मी जवळ गेले, तर तिनं ओल्या हातानं माझं मनगट धरलं.

"ते इचारणार हुते, उज्जू. त्यांच्या तोंडावर आलं हुतं, की माझ्यामुळं झालं का म्हणून. मी काय म्हणणार हुते त्यावर? व्हय म्हणू?" तिचे डोळे कोरडे होते, माझेच वाहत होते. "तू कवाच सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय."

"अगं पण तू पुढच्या वर्षी परत..."

"कटाळा आलाय म्हणाले न्हवं मी? मग पुढच्या वर्षी कसं खेळू?"

हे तिनं बोलायच्या आधीच ताडलेलं होतं. अक्का नेहमी माझ्यापेक्षा चार चाली पुढे बघायची.

आषाढाच्या आधी लग्न उरकलं. आटपाडीची माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर निदान बोट दाखवायला जागा मिळाली असती. खताच्या दुकानात गल्ल्यावर बसणं, सासूचं औषधपाणी, एक मुलगा, एक मुलगी. पट तिथं कोणाला ऐकूनही माहीत नव्हता. ती माहेरी यायची तेव्हा आबा विचारायचे, "आलीस? कवा जायाचं?" आणि पेठेत निघून जायचे. तिच्या हातचं जेवायचे, पण तिच्याशी दोन शब्द जास्तीचे नाहीत. पेठेतही ते पोत्यांच्या आडोशाला बसेनासे झाले होते. मला त्यांचा राग यायचा. एवढा मोठा माणूस आणि एवढा कोत्या मनाचा, असं मला सरळ सरळ वाटायचं. शपथ नसती तर मी तोंडावर बोलले असते.

मग काही वर्षांनी अक्काच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. तिला मिरजेला दवाखान्यात आणलं, तोवर बराच उशीर झाला होता. माझं तेव्हा मिरजेतच लग्न झालेलं, रोज डबा घेऊन जायचे. एका सकाळी ती म्हणाली, "तुझ्याकडं तो खिशातला पट हाय न्हवं? आण की."

चुंबकाचे इवलेसे मोहरे होते. मी विचारलं, "काय मांडू?"

"तुला ठाव हाय काय मांडायचं."

मी मांडलं. पांढरा राजा लांब, पांढरा हत्ती, काळा राजा, काळं प्यादं. अक्काचे हात सुजलेले होते. तिनं दोन बोटांनी हत्ती उचलला आणि थेट प्याद्यावर नेऊन ठेवला. जराही थांबली नाही. प्यादं माझ्या पुढ्यात टाकलं.

"घेतलं बघ," ती म्हणाली. "आण माझा शेंगदाणा."

माझ्याकडे शेंगदाणा नव्हता. मी म्हटलं, उद्या आणते. दुसऱ्या दिवशी पुडी घेऊन गेले, तर तिला वेगळ्या खोलीत हलवलं होतं आणि ती डोळे उघडत नव्हती. आबा बाहेर बाकावर बसलेले. ते रोज यायचे आणि बाहेरच बसायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत. त्या दिवशीही गेले नाहीत. अक्का गेली तेव्हाही ते बाकावरच होते. मी पुडी त्यांच्या शेजारी ठेवली आणि त्यांच्याकडे न बघता पुढे गेले.

आई गेल्यावर मी आबांना माझ्या घरी आणलं. राग होता, पण बाप होता. पंचाहत्तरी उलटली होती, पेठ सुटून किती वर्षं झालेली, तरी बोटं पिवळीच. मी तेव्हा घरी मुलांना बुद्धिबळ शिकवायचे. पट मांडला की ते उठून गच्चीत जायचे. म्हणून एका दुपारी ते आपण होऊन माझ्यासमोर येऊन बसले, तेव्हा मी चकित झाले.

"उज्जे, आपला तो जुना पट हाय का गं अजून?"

होता. घर आवरताना माळ्यावरून मीच आणला होता. मी कापडी पट अंथरला, पिशवी ओतली. आबांनी मोहरे धुंडाळले. नजर अधू झाली होती, बोटांनी चाचपून त्यांनी नेमके चार उचलले. पांढरा राजा इथं. पांढरा हत्ती इथं. काळा राजा. काळं प्यादं. एकही घर चुकलं नाही.

स्पर्धेतला अक्काचा शेवटचा डाव होता तो.

"चाल कुणाची?" त्यांनी विचारलं.

"पांढऱ्याची."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "तुमी दोघी दुपारी दार लोटून ह्येच करत हुता."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डबा इसरलो हुतो येकदा. न्यायला आलो तर आतनं तुजा आवाज. घे, घे, घे की. आन् ती म्हणती, डोकं घे म्हणतंय, हात ऐकत न्हाई." आबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "मला कळलं की काय ते. पायताण हातात घिऊन तसाच मागं फिरलो."

"आत का आला नाहीत, आबा?"

"लाज वाटली."

बाहेर कोणीतरी भंगार घेणारा ओरडत गेला. आबांनी तो आवाज लांब जाऊ दिला.

"आत येऊन येवडंच म्हणायचं हुतं, घे बाई, मी सांगतो, घे. माज्या तोंडनं आईकलं असतं तर सुटला असता का न्हाई तिचा हात?"

हेच मी अक्काला म्हणाले होते. ते त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

"त्या दिवशी तिचा हात मागं आला, त्यो माजा हात हुता, उज्जे. घरी आल्यावर तिला तेच म्हणाया गेलो. तर ती म्हणाली, मुद्दाम सोडलं."

"तुम्हाला खरं वाटलं?"

"न्हाई. येक घडीभर न्हाई." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "पर मला बरं वाटलं गं. तिच्यावर रागवाया मिळालं. न्हाईतर कुणावर रागवलो असतो मी? तिनं दिलं आन् मी घेतलं. मग रोज थोडं थोडं रागवत ऱ्हायलो."

इतकी वर्षं मी ज्या माणसापासून ते लपवत होते, तोच ते उराशी धरून बसला होता. शपथ मोडायला आता काही शिल्लकच नव्हतं. मी एवढंच विचारलं, "मग दवाखान्यात तरी आत जायचं होतं की, आबा. ती रोज दाराकडे बघायची."

"रोज जायाचं म्हणून यायचो. पर आत जाऊन मला ठाव हाय म्हणालो असतो, तर तिनं जे माज्यासाठी झाकलं ते मीच उघडं पाडलं असतं. तिच्याजवळ तेवडं येकच उरलं हुतं."

खरं होतं का हे, की आयुष्यभराच्या सवयीनं त्यांचाही हात मागे आला होता? मला कळलं नाही, अजूनही कळत नाही. माझा राग मात्र त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे. समोर एक म्हातारा बसला होता आणि त्याची मुलगी मेली होती.

आबांनी पांढरा हत्ती उचलला. हत्ती रांगेतून सरकत प्याद्यापर्यंत गेला आणि तिथं थांबला. अगदी तस्साच थांबला. अधांतरी, बोटभर वर. मी पाहत होते. तो मागे यायला लागला.

"घ्या," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"घ्या, आबा. घ्या की."

त्यांनी डोळे मिटले आणि हत्ती प्याद्याच्या घरात टेकवला. प्यादं आडवं पडलं. त्यांनी ते चाचपून उचललं. पटावर काळा राजा एकटा उभा राहिला.

"येवडंच हुतं," आबा म्हणाले. "न्हवं?"

"एवढंच होतं."

मी आत जाऊन वाटीत शेंगदाणे आणले आणि त्यांच्यासमोर ठेवले. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही, आणि एकही खाल्ला नाही. संध्याकाळी पट आवरताना मोहरे मोजले तर एक प्यादं कमी भरलं. खाली शोधलं नाही. ते त्यांच्या मुठीत होतं, आणि मी मागितलं नाही.